सरकारी दवाखाना इथला, सीमेपलीकडचा आणि परदेशातला: रुग्णाला कुठे काय अनुभव येतो?

"तलासरीत कशाला थांबता, सरळ सिल्वासाला न्या." "वलसाडला सगळं फुकट होतं म्हणे." "माझा भाचा लंडनला आहे, त्याच्या ऑपरेशनला एक पैसा लागला नाही." घरात कुणी आजारी पडले की अशी वाक्ये कानावर येतात. सांगणारा आपुलकीनेच सांगतो. पण त्या घाईच्या वेळी यातले कोणते ऐकायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवणे कुटुंबाला अवघड जाते.

डहाणू आणि तलासरी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीचे उत्तर टोक. उधव्याच्या बाजूला दादरा-नगर हवेलीची हद्द लागते, अच्छाडच्या पुढे गुजरात सुरू होतो. त्यामुळे इथल्या एकाच कुटुंबातली माणसे तीन वेगवेगळ्या सरकारांच्या दवाखान्यांत उपचार घेताना दिसतात. सुनेचे बाळंतपण कासाला, सासऱ्यांचा हात मोडला तो सिल्वासाला बसवला आणि धाकट्याची तपासणी वलसाडला, असे सर्रास घडते. तिन्ही ठिकाणचे अनुभव वेगळे असतात. ते का वेगळे असतात, परदेशातल्या सरकारी व्यवस्थांत रुग्णाला काय अनुभव येतो आणि यातून तुमच्या उपयोगाचे काय, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• जगात कुठलीही सरकारी आरोग्यसेवा पूर्णपणे "फुकट" नसते. पैसे नाही तर वेळ, अंतर किंवा कागदपत्रे यांतले काहीतरी रुग्णाला मोजावेच लागते.
• रुग्णाचे सर्वाधिक नुकसान एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाताना होते.
• साप चावणे, गरोदरपणातले झटके, बाळंतपणातला रक्तस्राव यांत आधी जवळच्या सरकारी केंद्रात पहिला उपचार घ्या, मग पुढे जा.
• रेफर चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय आणि ती समजून घेतल्याशिवाय निघू नका.

आपल्या भागातली रचना कशी आहे?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. इथली सरकारी आरोग्यसेवा पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी उपकेंद्राची. आदिवासी व डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. इथे आरोग्यसेविका (आपण त्यांना नर्सबाई म्हणतो) आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. पाड्यावरच्या आशाताई याच पायरीशी जोडलेल्या असतात.

दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. गंजाड, सायवन, उधवा अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. आदिवासी भागासाठी निकष साधारण २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असा आहे. इथे डॉक्टर असतात, साधी बाळंतपणे होतात, सर्पदंशाची लस दिली जाते.

तिसरी पायरी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांची. तलासरीला ग्रामीण रुग्णालय, तर डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत.

यापुढची पायरी म्हणजे जिल्ह्याबाहेरची मोठी रुग्णालये. इथेच वाट फुटते. कुणी रेल्वेने मुंबईला जातो, कुणी वापी करत वलसाडला, कुणी सिल्वासाला.

एक गोष्ट रुग्णांना सहसा कुणी सांगत नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत असते. मुंबईतली केईएम, नायर आणि सायन ही रुग्णालये महापालिकेची आहेत, तर जे. जे. रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तुमच्या दृष्टीने हे सगळे "सरकारी"च असते. पण नियम, शुल्क आणि नोंदवही प्रत्येकाची वेगळी. म्हणून एका ठिकाणचा केस पेपर दुसऱ्या ठिकाणी चालत नाही आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

शुल्काचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. डहाणू, कासा, तलासरी येथील सरकारी रुग्णालये यात येतात. महापालिकेची आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. त्यामुळे "डहाणूत काही घेतले नाही आणि मुंबईच्या सरकारी दवाखान्यात पावती फाडली" असा अनुभव आला, तर ती फसवणूक असेलच असे नाही.

सीमेपलीकडे काय वेगळे वाटते?

सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलचे नाव आपल्याकडे पाड्यापाड्यावर माहीत आहे. तिथे आता वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचा पहिला टप्पा ७ मार्च २०२५ रोजी सुरू झाला. वलसाडलाही वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सरकारी रुग्णालय आहे. महाविद्यालय असले की निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ, शिकाऊ डॉक्टर आणि मोठी प्रयोगशाळा एका ठिकाणी मिळते. आपल्या माणसांना तिथे "लगेच बघितले" असे वाटते, त्यामागे हे कारण आहे. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ रजेवर असेल तर सिझेरियन थांबते. मोठ्या रुग्णालयात दुसरा भूलतज्ज्ञ असतो.

पण काही अडचणीही असतात.

• कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत असतात. परत आल्यावर पाड्यावरच्या नर्सबाईंना ते वाचता येतीलच असे नाही.
• नियोजित उपचारांसाठी बाहेरच्या राज्यातल्या रुग्णाला वेगळे नियम किंवा शुल्क लागू होऊ शकते. केस पेपरच्या खिडकीवर हे आधीच विचारा.
• पुढच्या तपासणीला परत तिथेच जावे लागते. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याचे जेवण हा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही.
• महाराष्ट्राच्या योजनांचे लाभ तिथे आपोआप मिळत नाहीत.

म्हणजे सीमा ओलांडल्यावर तज्ज्ञ भेटतात, पण उपचारांची साखळी तुटण्याचा धोका वाढतो. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा, एवढेच.

परदेशात रुग्णाला काय अनुभव येतो?

ब्रिटन. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. प्रत्येक माणूस आपल्या भागातल्या एका डॉक्टरकडे नाव नोंदवतो. या डॉक्टरला तिथे जीपी म्हणतात. त्याला भेटायचे पैसे लागत नाहीत, रुग्णालयातल्या उपचारांचेही नाहीत. मात्र तातडीची वेळ सोडली, तर बहुतेक आजारांत जीपीच्या पत्राशिवाय तज्ज्ञ डॉक्टर भेटत नाही. पत्र मिळाले तरी थांबावे लागते. नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असे तिथले उद्दिष्ट आहे, पण ते गेली कित्येक वर्षे पूर्ण झालेले नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षा यादी ७७ लाखांच्या आसपास पोचली होती. गुडघा दुखणाऱ्या आजोबांना तिथे पैसे लागत नाहीत, पण महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. इंग्लंडमध्ये बऱ्याच प्रौढांना औषधाच्या चिठ्ठीवर ठरावीक शुल्क भरावे लागते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ते लागत नाही. एकाच देशात असा फरक तिथेही आहे.

कॅनडा. तिथे १९८४ च्या कायद्यानुसार डॉक्टर आणि रुग्णालय यांचे बिल रुग्णाला भरावे लागत नाही. पण घरी घ्यायची औषधे, दात आणि चष्मा यांचा खर्च अनेकांना स्वतः किंवा नोकरीतल्या विम्यातून करावा लागतो. कुटुंबाचा कायमचा डॉक्टर मिळत नाही, ही तिथली मोठी तक्रार आहे.

थायलंड. २००२ मध्ये तिथे "३० बाट" योजना आली. तीस बाट भरायचे आणि उपचार घ्यायचे, अशी ती साधी कल्पना. पण रुग्णाची नोंद त्याच्या गावच्या जिल्हा रुग्णालयात असे. कामासाठी बँकॉकला गेलेला मजूर तिथे आजारी पडला, की तातडीची वेळ सोडून त्याला अडचण येई. २०२४ पासून तिथे टप्प्याटप्प्याने ओळखपत्रावर कुठेही उपचार देण्याची सोय सुरू झाली. आपल्याकडून वीटभट्टीवर, बोटीवर किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

श्रीलंका. तिथे सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत आणि कुठल्याही सरकारी रुग्णालयात थेट जाता येते. चिठ्ठीची सक्ती नाही. परिणाम असा, की लोक जवळचा छोटा दवाखाना सोडून मोठ्या रुग्णालयात जातात. तिथे गर्दी होते आणि छोटा दवाखाना रिकामा राहतो. हे वाचताना तुम्हाला आपल्याच भागाची आठवण होईल.

आता चारही देश शेजारी ठेवून पाहा. ब्रिटनमध्ये रुग्ण वेळ मोजतो, कॅनडात औषधांचे पैसे, थायलंडमध्ये नोंदणीची अट, श्रीलंकेत गर्दी. आपल्या भागात अंतर आणि मजुरी मोजावी लागते. भाच्याचे म्हणणे खोटे नाही, पण त्याने किती महिने वाट पाहिली हे त्याला विचारलेले नसते.

मग खरा फरक कुठे पडतो?

ब्रिटनच्या पद्धतीतली एक गोष्ट आपण जरूर घ्यावी. रुग्णालयातून घरी सोडताना त्या रुग्णाच्या जीपीला पत्र जाते: काय झाले होते, कोणते उपचार दिले, पुढे काय करायचे. हे पत्र उशिरा पोचले की तिथलेही रुग्ण तक्रार करतात, कारण त्यावर पुढचा उपचार अवलंबून असतो. आपल्याकडे ते पत्र नेण्याचे काम बहुतेक वेळा रुग्णाच्या नातेवाइकांनाच करावे लागते. म्हणून तुम्ही जागरूक असणे फार महत्त्वाचे.

दोन दवाखान्यांमधल्या वाटेवर काय होऊ शकते, याचे जुने उदाहरण पश्चिम बंगालचे आहे. १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी "खाट नाही", "सोय नाही" म्हणून परत पाठवले. शेवटी त्याला खाजगीत उपचार घ्यावे लागले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने योग्य उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. राज्याने पैसे नाहीत असे कारण त्यासाठी पुढे करू नये, असेही न्यायालय म्हणाले.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गर्भवतीचा मोठ्या रुग्णालयाकडे नेताना वाटेतच मृत्यू झाला. ती बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. अशा वेळी गाडी केव्हा आली, गाडीत ऑक्सिजन होता का, सोबत कोण होते, पुढच्या रुग्णालयाला कळवले होते का, हेच प्रश्न जीवन-मरणाचे ठरतात.

आधी जवळचे की थेट मोठे?

सगळ्या आजारांना एकच उत्तर नाही. ढोबळ नियम असा.

साप किंवा अन्य विषारी दंश: आधी जवळचे. भारतात दिली जाणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मोठ्या रुग्णालयात एकच असते. मोठ्या ठिकाणी वेगळी "भारी" लस मिळत नाही. तिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र, रक्त आणि डायलिसिस असते, ते पुढे लागू शकते. म्हणून विषबाधेची लक्षणे असतील तर लस जवळच सुरू करायची आणि मग पुढे न्यायचे. दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका. कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. मण्यार चावल्यावर दुखतही नाही आणि सूजही येत नाही, पण काही तासांत पापण्या जड होतात, श्वास अडतो. म्हणून "काही झालेले दिसत नाही" म्हणून घरी थांबू नका. भगताला बोलवायचेच असेल तर त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन या. पण आधी दवाखाना.

गरोदरपणातले धोके: आधी जवळचे, पण वेळेआधी तयारी. खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणे, झटके, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, पाणी जाऊन बराच वेळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचे पहिले इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. ते देऊन निघालेली बाई आणि न देता निघालेली बाई यांच्या धोक्यात खूप फरक असतो. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावातही पहिला उपचार जवळच सुरू करावा लागतो.

पक्षाघात: थेट सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दिसली की घड्याळ पाहा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. १०८ वर फोन करतानाच "सीटी स्कॅन चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते?" असे विचारा.

छातीत दुखणे: आधी जवळचे. ईसीजी आणि पहिली औषधे जवळच्या रुग्णालयात मिळू शकतात. ईसीजीचा कागद सोबत घेऊनच पुढे जा.

हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, मुतखडा असे नियोजित उपचार: निवड तुमची. इथे घाई नसते. डहाणू, सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई यांतले कुठले सोयीचे, हे खर्च, फेऱ्या आणि योजना पाहून ठरवा.

रेफर करताना काय मागावे?

"पुढे न्या" असे डॉक्टरांनी सांगितले की घाबरून लगेच गाडीत बसू नका. दोन मिनिटे थांबून हे विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

• पुढे कशासाठी पाठवत आहात? तिथे काय आहे जे इथे नाही?
• पाठवण्याआधी कोणता उपचार दिला?
• तिथे फोन झाला का? डॉक्टर, खाट आणि लागणार असेल तर रक्त आहे का?
• गाडीत ऑक्सिजन आहे का? सोबत डॉक्टर किंवा सिस्टर येणार का?
• वाटेत तब्येत बिघडली तर मधले कोणते रुग्णालय?

रेफर चिठ्ठीवर या गोष्टी आहेत का पाहा: तारीख आणि वेळ, आजाराचे नाव किंवा शंका, रक्तदाब व नाडी, दिलेली औषधे, त्यांचे प्रमाण आणि वेळ, झालेल्या तपासण्या, रक्तगट, पाठवण्याचे कारण, डॉक्टरांची सही व फोन. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सीमेपलीकडून परत येताना घरी सोडल्याचा कागद मागून घ्या आणि औषधांची नावे इंग्रजीत लिहून घ्या. परत आल्यावर तो कागद नर्सबाईंना किंवा केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या रक्तदाबाच्या किंवा टाक्यांच्या तपासणीसाठी मग दरवेळी तासन्‌तास प्रवास करावा लागणार नाही.

१०८ ला फोन करताना एक काळजी घ्या. सीमेजवळ मोबाइल कधी कधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या कक्षाला लागू शकतो. म्हणून सुरुवातीलाच राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि पाडा सांगा. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर रुग्णाला झोळीतून कुठल्या रस्त्यापर्यंत आणणार, ती खूण सांगा. गर्भवती आणि लहान बाळांसाठी १०२ ची गाडीही असते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) घरापासून सरकारी रुग्णालय, तिथून वरचे रुग्णालय आणि परत घर, असा प्रवास मोफत आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि रुग्णालयातले जेवणही मोफत आहे. हा केंद्र सरकारचा कार्यक्रम असल्याने तो सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारी संस्थांना लागू आहे.

माहेरचे बाळंतपण आणि कामासाठी बाहेर जाणे

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सासर तलासरीत आणि माहेर खानवेलकडे, किंवा उलट, अशी घरे पुष्कळ. अशा बाईच्या गरोदरपणातल्या तपासण्या एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात होते. तेव्हा तिचे माता व बाल संरक्षण कार्ड हाच सगळा इतिहास असतो. ते सासरी राहिले तर माहेरच्या डॉक्टरांना तिचे हिमोग्लोबिन, रक्तदाब, आधीचे सिझेरियन काहीच कळत नाही. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो अहवालही त्याच पिशवीत ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. जोखमीची गर्भवती असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे तिथेच ठरवून घ्या. पाडा दूर असेल, पावसाळ्यात ओढा अडवत असेल, तर तारखेच्या काही दिवस आधीच रुग्णालयाजवळ येऊन राहावे. काही आदिवासी भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठी "माहेरघर"ची सोय आहे, आशाताईंना विचारा.

बाळाच्या जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. सिल्वासाला जन्मलेल्या बाळाचा दाखला तलासरीच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. म्हणून नोंदणीचा फॉर्म भरूनच घरी निघा.

क्षयरोगाचे औषध चालू असताना कामासाठी बाहेर जावे लागले, तर औषध बंद करू नका. तुमचा निक्षय क्रमांक देशभर चालतो. जाण्याआधी केंद्रात सांगितले की नव्या ठिकाणी नाव वर्ग करून मिळते. पोषण आहारासाठी मिळणारे पैसे (नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये) त्याच नोंदीवर चालू राहतात.

कोणते कार्ड कुठे चालते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्र राज्याची आहे. योजनेतल्या रुग्णालयात ठरवलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आयुष्मान भारत योजना केंद्राची आहे आणि तिचे पात्र कार्डधारक दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही उपचार घेऊ शकतात. म्हणून सीमेपलीकडे नियोजित उपचारासाठी जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझे कार्ड आयुष्मानचे आहे का, आणि ते रुग्णालय व तो उपचार यादीत आहे का. आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होताच त्यांना भेटा, बिल झाल्यावर नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"आधार महाराष्ट्राचे आहे म्हणून शेजारच्या राज्यातले सरकारी रुग्णालय परत पाठवू शकते का?"
तातडीच्या वेळी नाही. जीव वाचवणारा पहिला उपचार द्यावाच लागतो, पत्ता कुठलाही असो. नियोजित उपचारांत मात्र तिथले नियम लागू होतात.

"रेफर केले म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले का?"
कधी कधी तसे घडते आणि ते चूक आहे. पण पुष्कळदा रक्त, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभाग नसताना रुग्णाला ठेवून घेणे जास्त धोक्याचे असते. पाठवण्याआधी उपचार दिला का आणि पुढे फोन केला का, यावरून फरक ओळखा.

"मुलगा इंग्लंडला आहे. तिकडे जाऊन मोफत उपचार घेता येतील का?"
नाही. पाहुणे म्हणून गेलेल्यांना तिथल्या तातडीच्या विभागात पहिला उपचार मोफत मिळतो. पण रुग्णालयात दाखल झाल्यावर बिल येते आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट असू शकते. आईवडिलांना बोलावताना प्रवासी विमा घ्यावा आणि त्यांचे जुने आजार त्यात लपवू नयेत.

"तक्रार कुठे करायची?"
उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाबद्दल तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे, आणि पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहून द्या, पोच घ्या. "डॉक्टर नव्हते" यापेक्षा "अमुक तारखेला रात्री ११ ते १ या वेळेत डॉक्टर नव्हते" या तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

आजच करून ठेवा

एक प्लास्टिकची पिशवी घ्या. त्यात आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, माता-बाल कार्ड, जुने केस पेपर, सिकलसेल किंवा क्षयरोगाचे कागद आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे ठेवा. एका कागदावर आशाताई, नर्सबाई आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याचा फोन लिहा. ती पिशवी घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगा. रात्री दोन वाजता कुठल्याही राज्याच्या दवाखान्यात जावे लागले, तरी समोरच्या डॉक्टरला तुमच्या माणसाची माहिती पहिल्या पाच मिनिटांत मिळेल.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. तातडीच्या वेळी लेख वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.